गुरुवारी आठ वाजता, मागच्या दाराने

फ्लीटवुड
६ मे २०२५

ग्लेंडाबाई,

जिवंत आहेस ना? नाताळचं कार्ड आलं, त्यात नुसतं नाव. पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या मैत्रिणीला नुसतं नाव! अँगलसीला बहिणीकडे राहायला गेलीस म्हणजे आम्ही काय मेलो?

फोनच करणार होते, पण करोनात ज्यांची माणसं गेली त्यांच्या आमच्या मंडळाच्या वकीलबाई म्हणाल्या, जे आहे ते कागदावर असू द्या. फोनवरचे निरोप पुसले जातात, आणि मोठ्या माणसांचे तर जरा जास्तच चटकन पुसले जातात.

तर विषय असा. करोनात वृद्धाश्रमांचं काय झालं, याची सरकारी चौकशी एकदाची आपल्यापर्यंत पोचली. पाच वर्षांनी! आधी हॉस्पिटलं झाली, लसी झाल्या, मोठ्यांची आपापसातली भांडणं झाली, आणि आता उरलेसुरले म्हातारे. ज्यांची माणसं गेली त्यांच्याकडून निवेदनं मागवली आहेत. मलाही फॉर्म आलाय. त्यात बाबांना काय म्हटलंय सांगू? 'सेवा वापरकर्ता'. एकतीस वर्षं त्या माणसाने मासेमारीच्या बोटीवर स्वयंपाक केला, आइसलंडच्या थंडीत वीस वीस जणांना गरम जेवायला घातलं, आणि मेल्यावर झाला वापरकर्ता. शाळेच्या कँटीनमध्ये मी पोरांना 'जेवण वापरकर्ते' म्हटलं असतं तर त्यांच्या आयांनी झिंज्या उपटल्या असत्या माझ्या.

पण मी ठरवलंय, नुसत्या शिव्या लिहायच्या नाहीत. हॉस्पिटलने दोन खोकणारे म्हातारे न तपासता तुमच्या गॅनेट हाउसमध्ये, तू नोकरीला असताना, बाबा राहायचे तिथेच ढकलले आणि त्यातून सगळ्यांना लागण झाली, ते लिहीन. मला सहा आठवडे दाराच्या आत घेतलं नाही, तेही लिहीन. पण २३ एप्रिलचा गुरुवार लिहिताना तुमच्या होमचे आभारही मानीन. खोटं कशाला बोलू?

आठवतंय ना? गुरुवारी संध्याकाळी आठ वाजता सगळा देश दारात येऊन टाळ्या वाजवायचा. तुमच्या मॅनेजर मिसेस थ्रेलफॉलने आम्हा नातेवाइकांना पुढच्या हिरवळीवर बोलावलं होतं, हात हातभर अंतर ठेवून. मी बाबांचं बोटीवरचं पातेलं नेलं होतं आणि डावाने ते असं बडवलं की शेजारचा कुत्रा पळाला. वर पहिल्या मजल्यावर बाबांच्या खिडकीत त्यांची निळी टोपी हलली. मी ओरडले, "बाबा, उद्या परत येते!" आणि नऊला फोन आला की ते आठ वाजून पाच मिनिटांनी शांतपणे गेले. दुसऱ्या दिवशी तू मला सांगितलंस की पातेल्याचा आवाज ऐकून ते हसले आणि म्हणाले, "आली वाटतं आमची भांडीवाली."

ग्लेंडा, त्या एका वाक्यावर मी पाच वर्षं काढली. आईच्या वेळी मी नव्हते, भावाच्या वेळी नव्हते. बाबांच्या वेळी निदान माझा आवाज त्यांच्या कानात होता.

आता दोन कामं. त्या संध्याकाळी होम चालवणाऱ्या कंपनीच्या फोटोवाल्याने काढलेला फोटो आहे ना, मी पातेलं घेऊन तोंड वासून उभी आणि वर खिडकीत टोपी? तो कंपनीला चौकशीत द्यायचाय, 'कुटुंबांचा सहभाग' म्हणून. माझी परवानगी मागितलीय. देऊ ना? आणि दुसरं, तू शेवटी त्यांच्यापाशी होतीस. तेवढ्या दोन ओळी सही करून पाठव.

तुझी,
लोरेन


होलीहेड, अँगलसी
२७ मे

लोरेन,

उशीर झाला. बोटं सुजलीत, पेन धरवत नाही. बहिणीचा नवरा दिवसभर टीव्हीसमोर असतो, बहीण त्याच्यावर खेकसते, आणि मी दोघांच्या मध्ये बटाटे सोलते. बरं चाललंय.

मला त्या चौकशीत ओढू नकोस. माझ्या दोन ओळींनी काय होणार? तिथे लंडनला मोठमोठे लोक स्वच्छ सदरे घालून येतील, पाण्याचे घोट घेतील आणि म्हणतील की त्या वेळी उपलब्ध माहितीनुसार आम्ही योग्य तेच केलं. मग सगळे मिळून धडे शिकतील. इतके धडे शिकून झाले, अजून पहिली पास होत नाहीत.

तुला लिहायचंच असेल तर हे लिही. आम्हाला ॲप्रन मिळाले नाहीत म्हणून आम्ही कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांना भोकं पाडून त्या घातल्या. मास्क आले त्यांच्यावर जुनी तारीख होती आणि तिच्यावर नवीन तारखेची चिठ्ठी चिकटवलेली होती. मी नखाने खरवडून पाहिली. बत्तीस म्हाताऱ्यांना आम्ही सकाळी चार जणी आणि दुपारनंतर तिघी. एका डॉक्टरने फोनवरून अर्ध्या होमच्या कागदांवर 'छाती दाबून वाचवायचा प्रयत्न करू नये' असं लिहायला सांगितलं, सरसकट, हजेरी घेतल्यासारखं. त्यातला एकजण रोज सकाळी माझ्याशी नाचायचा. हे सगळं झालं आणि लोकांनी आम्हाला काय दिलं? टाळ्या. मला तो आवाज अजून सहन होत नाही. इथे कोणाचा वाढदिवस असला आणि टाळ्या वाजल्या की मी उठून परसात जाते. बहिणीला वाटतं मी खडूस झाले.

त्या फोटोवर परवानगीची सही करू नकोस. का ते विचारू नकोस. नको म्हणजे नको.

विल्फकाका चांगला माणूस होता. एवढं मी कुठेही सांगेन.

ग्लेंडा


फ्लीटवुड
३ जून

ग्लेंडा,

वा गं वा! तीन आठवडे वाट पाहिली आणि काय आलं, तर बटाटे. माझ्या बापाच्या शेवटच्या क्षणाच्या दोन ओळी मागितल्या तर बोटं सुजली, आणि पिशव्या-मास्कवर पानभर लिहिलंस तेव्हा बरी सुजली नाहीत!

फोटोची सही मी करून टाकली. तुझं पत्र यायच्या आधीच. आणि केली नसती तरी तुझ्या 'विचारू नकोस'ला मी जुमानलं नसतं. पाच वर्षं तो फोटो माझ्या फळीवर आहे, आणि त्यात बाबांची टोपी आहे.

आता ऐक, खरी भानगड वेगळीच आहे. वकीलबाई म्हणाल्या, असतील नसतील ते सगळे कागद गोळा करा. म्हणून मी बॅम्बरकडे गेले, बाबांची अंत्ययात्रा ज्यांनी केली तेच. आता मुलगी बघते धंदा. मोठी गोड पोरगी, चहा दिला, बिस्किटं दिली, आणि त्यांच्या वहीतल्या पानाची प्रत काढून दिली. घरी येऊन चष्मा लावून बघते तर काय: 'गॅनेट हाउस. विल्फ कार्डवेल. मागचं दार. २०:०० ताब्यात.'

आठ वाजता! बाबा आठ पाचला गेले आणि यांनी त्यांना आठला नेलं? जिवंत माणसाला नेलं का काय? मी तडक परत गेले आणि त्या पोरीला चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, माझ्या बापाची वेळसुद्धा धड लिहिता येत नाही, आणि अंत्ययात्रा कसल्या करता? ती बिचारी म्हणाली, "मॅडम, बाबांनी वही मिनिटावर ठेवली होती, त्यात चूक होत नसे." मी म्हटलं, "झाली ना!" रडली पोरगी. आणि वर 'मागचं दार' काय? गॅनेट हाउसमधून माणूस कायम पुढच्या दाराने जातो. आत्याच्या वेळी मी स्वतः पाहिलंय, हॉलमध्ये तुम्ही सगळ्याजणी दोन्हीकडे उभ्या होतात.

वकीलबाई म्हणतात, ही विसंगती दूर केली नाही तर समोरचा वकील माझं सगळं निवेदनच उडवून लावेल, म्हणेल बाईला नीट आठवत नाही. म्हणून आता तुझ्या दोन ओळी हव्यातच. लिही की बॅम्बरची वेळ चुकली आहे. तू आठ पाचला तिथे होतीस. दुसरं कोणीच नव्हतं. माझ्यासाठी नको, विल्फकाकासाठी लिही. ते तुला वाढदिवसाला बोटीवरून सुकट आणायचे, विसरलीस वाटतं?

लोरेन


होलीहेड
१९ जून

लोरेन,

बॅम्बरची वेळ चुकलेली नाही. त्या पोरीची माफी माग.

हे मी चारदा लिहून फाडलं. हे पाचवं. बसून वाच, आणि पूर्ण वाच, मध्येच टाकू नकोस.

तुझे बाबा आठ पाचला गेले नाहीत. ते त्या दिवशी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी गेले. मी अकराला त्यांच्यापाशी होते. ओठ ओले केले, उशी उचलली. शुद्ध होती. म्हणाले, "लोरेन आली का?" मी म्हटलं, "संध्याकाळी येणार आहे, पातेलं बडवायला." म्हणाले, "तिला सांग, पोचा पाडू नकोस." एवढंच. भांडीवालीचं वाक्य ते बोललेच नाहीत. मग एकदम तीन घंटा वाजल्या आणि मी धावले, कारण दुसरं कोणी नव्हतं. परत आले तेव्हा ते गेलेले होते. एकटे गेले, लोरेन. मी दहा मिनिटांसाठी गेले होते.

मी फोन उचलला तुला सांगायला. मिसेस थ्रेलफॉलने तो माझ्या हातातून घेऊन खाली ठेवला. म्हणाली, "आत्ता नको. संध्याकाळी कंपनीचा फोटोवाला येतोय, वरचे साहेब येताहेत, वीस-पंचवीस नातेवाईक पुढे उभे राहतील. आज मयताची गाडी दारात दिसली तर तमाशा होईल. उद्या पेपरात येईल." मग म्हणाली, "आठ वाजता. सगळे पुढे टाळ्या वाजवत असतील, मागे चिटपाखरू नसेल. बॅम्बरला आठचं सांग. ठोक्याला."

तुला वाटेल, तिला हे त्या दिवशी सुचलं. नाही गं. तो चौथा गुरुवार होता. गुरुवारी कोणी गेलं तर आठला, मागच्या दाराने, हे ठरूनच गेलं होतं. बॅम्बरला काय माहीत? त्यांना आम्ही दिलेली वेळ, ते आले.

डॉक्टर आलाच नाही, फोनवरच 'ठीक आहे' म्हणाला. दाखल्यावर फक्त तारीख असते, आणि तारीख तर तीच होती. आम्ही काकांना एक वाजता लिफ्टने खाली नेलं आणि इस्त्रीच्या खोलीत ठेवलं, कारण ती थंड असते आणि तिचं दार मागच्या आवारात उघडतं. सात तास. टेबलक्लॉथच्या गठ्ठ्यांशेजारी. त्या खोलीत मी तीनदा गेले, आणि तीनदाही इस्त्री करायला गेले, कारण फोटोसाठी आमचे कपडे स्वच्छ हवे होते.

आणि आता ते, ज्याच्यासाठी मी चारदा कागद फाडला. पावणेआठला तिने मला वर पाठवलं, त्यांच्या खोलीत. म्हणाली, "त्यांची मुलगी खिडकीकडे बघणारच. काहीतरी हललं पाहिजे, नाहीतर वर धावत येईल." मी पडद्यामागे उभी राहिले आणि टोपी हलवली. मी, लोरेन. तू ओरडलीस, "उद्या परत येते." मी परत हलवली. त्याच वेळी मागे गाडीचं दार लागलं. तुझ्या पातेल्यामुळे ते कोणाला ऐकू गेलं नाही. मला गेलं.

आठ पाच ही वेळ थ्रेलफॉलने काढली. नोंदवहीचं पान नव्याने लिहिलं ते माझ्या अक्षरात आहे. हसले, भांडीवाली म्हणाले, हे माझं. ते मला कोणी सांगायला लावलं नव्हतं. तू दुसऱ्या दिवशी दारात अशी उभी होतीस की काहीतरी द्यावंसं वाटलं, आणि माझ्याकडे खरं देण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी नोकरी सोडली असती तर? म्हणायला सोपं आहे. पण खरं सांगू, त्या वेळी सोडायचं मनातही आलं नाही. सकाळच्या चार जणींतल्या दोघी आजारी होत्या. वाटलं, मी गेले तर यांना पाणी कोण देईल. असं करत करत माणूस कशात हात घालतो ते त्याचं त्यालाच कळत नाही. मला माझ्या या हातांची किळस येते. बहिणीला सांगते की संधिवात आहे.

थ्रेलफॉल आता काय करते ठाऊक आहे? कंपनीत बढती मिळाली. नव्या पोरींना शिकवते. विषय आहे, 'सन्मानाने निरोप'.

ग्लेंडा


फ्लीटवुड
२१ जुलै

ग्लेंडा,

महिनाभर लिहिलं नाही कारण लिहायला घेतलं की शिव्याच यायच्या, आणि तुझी बहीण पत्रं उघडते हे मला माहीत आहे.

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोक असतात असं आजी म्हणायची. मला वाटायचं, म्हणायची पद्धत आहे. नाही, खरंच असतात. फोटोवाला घेऊन येतात.

पण त्यांना मी ओळखतच नव्हते. तुला ओळखत होते. तू माझ्या बापाची टोपी हातात घेतलीस आणि मला टाटा केलंस. मी खाली माकडासारखी उड्या मारत होते आणि तू वरून टोपी हलवत होतीस! मग फळीवरचा फोटो उतरवला आणि नातवाचं भिंग घेऊन बघितलं. टोपीच्या खाली हात आहे, ग्लेंडा. निळ्या रबरी हातमोज्यातला हात. पाच वर्षं तो तिथे होता. मी रोज त्या फोटोवरची धूळ पुसत होते. बघितलाच नाही. कारण मला तो बघायचाच नव्हता, असं वकीलबाई म्हणाल्या नाहीत, पण त्यांच्या तोंडावर दिसलं.

आणि हा फोटो कंपनीने आपल्या हाताने चौकशीत दिलाय! माझ्या सहीने! वकीलबाईंनी फोटो, बॅम्बरचं पान आणि तुझं पत्र शेजारी शेजारी ठेवलं आणि तिन्हींच्या प्रती काढून घेतल्या. (हो, तुझं पत्र मी दिलं. तुला न विचारता. तूही मला विचारलं नव्हतंस.)

त्या बॅम्बरच्या पोरीची माफी मागून आले. केक नेला होता. तिने घेतला, पण बसा म्हणाली नाही. बरोबर केलं.

मग लंडनला गेले. मंडळाचे आम्ही अकरा जण, सगळ्यांच्या मांडीवर आपापल्या माणसाची तसबीर. दारावरच्या माणसाने बजावलं, आत आवाज करायचा नाही. बसलो. कंपन्यांच्या वतीने एक गृहस्थ आले. इतकं मऊ बोलत होते की लोणी बरं. म्हणाले, निरोपाचे क्षण आम्ही शक्य तितके सन्मानपूर्वक हाताळले. मी हाताची मूठ तोंडात घातली. मग ते म्हणाले, कुटुंबांचा सहभाग विलक्षण होता, दर गुरुवारी लोक येत. तेव्हा माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईने माझा हात धरला, कारण मी उठले होते. मी उठले होते हे मला कळलंच नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

जेवणाच्या सुट्टीत वकीलबाईंनी समजावलं. चौकशी एकेका माणसाच्या मृत्यूची तड लावत नाही, ते तिच्या कक्षेत नाही. आपले कागद जमा होतील, 'एकूण चित्रात' जातील. पोलिसांचं वेगळं बघू, त्याला वर्षं लागतील. म्हटलं, म्हणजे एवढा मोठा दरबार भरवलाय आणि त्यात माझ्या बापाला मागच्या दारानेच जायचंय? त्या म्हणाल्या, "मला वाईट वाटतं." वाटलं असेलही. चांगली बाई आहे.

आता मुद्द्यावर येते. तू लिहिलंस, 'तो चौथा गुरुवार होता.' हे वाक्य मी आधी वाचलंच नव्हतं. मला फक्त माझा गुरुवार दिसत होता. गाडीतून परत येताना ते एकदम समोर आलं. आमच्या मंडळात गॅनेट हाउसची आणखी माणसं आहेत. ती तसबिरी घेऊन माझ्याच डब्यात बसली होती. सँडविच खात होती, आणि त्यातला एक म्हणत होता, "काही म्हणा, होमने आमच्यासाठी ते गुरुवार केले, नाहीतर आईला शेवटचं बघायलाच मिळालं नसतं." मी खिडकीबाहेर बघत राहिले. बोलले नाही. म्हणजे पाच तास मी पण तुझ्यासारखीच टोपी हलवत होते.

हे मी सांगणार नाही. ते माझं नाही, तुझं आहे. किती जण होते, कोण होते, कुठल्या गुरुवारी, हे तुला ठाऊक आहे. कंपनीचा कागद त्यांच्या हाती पडायच्या आत, वकिलाचा कागद पडायच्या आत, तू प्रत्येकाला स्वतः लिही. तुझ्या हाताने. संधिवात असो की नसो.

तुला माफ केलेलं नाही. इकडे येऊ नकोस. लिहिलंस की फक्त 'लिहिलं' एवढं कळव.

लोरेन

ता. क. 'पोचा पाडू नकोस' हे बाबा खरंच म्हणाले का? हे खोटं असेल तर आत्ता सांग. नंतर मला सहन होणार नाही.


होलीहेड
२८ जुलै

लोरेन,

खरं आहे. अगदी तेच शब्द. 'पोचा पाडू नकोस.' मग डोळे मिटले. यात माझ्या पदरचं काही नाही.

सातजण होते. विल्फकाका धरून. नावं, तारखा, खऱ्या वेळा मला पाठ आहेत, वही नको. वकीलबाईंना सहीनिशी निवेदन पाठवलं, त्यात पानाचंही लिहिलंय, ते माझं अक्षर आहे म्हणून. त्यांचा फोन आला होता. म्हणाल्या, याचे परिणाम तुमच्यावर होऊ शकतात. म्हटलं, होऊ देत की.

पाच पत्रं झाली. सहावं राहिलंय. ते सगळ्यात अवघड आहे, म्हणून मागे ठेवलं होतं. उद्या टाकते.

ग्लेंडा


होलीहेड
२९ जुलै २०२५

श्री. केनेथ टॅटर्सल यांस,

तुम्ही मला नावाने ओळखणार नाही. गॅनेट हाउसमध्ये तुमच्या आईची, एडनाबाईंची, सकाळची अंघोळ मी घालत असे. आम्ही सगळ्याजणी सारख्याच दिसत होतो तेव्हा, नुसते डोळे.

तुम्हाला जे सांगायचं आहे ते पाच वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. आधी सांगते, त्यांना त्रास झाला नाही, हे खरं आहे. मी शेजारी होते आणि त्यांचा हात माझ्या हातात होता. तुमच्या बाबतीत एवढं तरी मला खरं लिहिता येतंय.

१४ मे, गुरुवार. तुम्हाला कळवलं गेलं की एडनाबाई रात्री साडेआठला गेल्या. त्या दुपारी तीनलाच गेल्या होत्या. तुम्हाला मुद्दाम कळवलं नाही. त्यांना आठ वाजता मागच्या दाराने नेलं, कारण त्या वेळी सगळी माणसं पुढे असत. हे असं ठरवून केलेलं होतं आणि ते करणाऱ्यांत मी होते. मी दुसऱ्या कोणाच्या आड लपत नाही. तुम्हाला माझ्यावर तक्रार करायची असेल तर पत्ता वर आहे. मी नाकारणार नाही.

तुम्ही त्या संध्याकाळी बँडचा कोट घालून आला होतात आणि हिरवळीवर उभं राहून कॉर्नेट वाजवलंत. आईच्या आवडीची ती चर्चमधली धून. वरची खिडकी उघडी होती, आणि तुम्ही तिच्याकडे तोंड करून वाजवत होतात. ती खिडकी मी उघडली होती. खोली रिकामी होती. नंतर तुम्हाला सांगितलं की त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. त्यांनी काही ऐकलं नाही.

तुमची धून संपली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तुम्ही कॉर्नेट पेटीत ठेवायला वाकलात. तेव्हा आमच्या मॅनेजरबाई पुढे आल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "अजून एक वाजवा ना, आईला फार आवडेल." तुम्ही वाजवलंत. ते आईसाठी नव्हतं, टॅटर्सलसाहेब. मागे गाडी अजून निघाली नव्हती.

ग्लेंडा विग्नल